सोबत एक स्वच्छ फडके आणावे

माझा उजवा हात सध्या चारशे सदतीस डॉक्टरांकडे आहे. थट्टा नाही करत. तो नांदेडला आहे, भिवंडीत आहे, मालेगावात आहे, कुठं कुठं आहे. म्हणजे हात तसा मला जोडलेलाच आहे, त्यानंच हे लिहितोय. पण त्याची चाल, त्याचा दाब, त्याच्या सवयी त्या चारशे सदतीस जणांच्या मनगटात जाऊन बसल्यात. आणि आता त्या बाहेर कशा काढायच्या, हे ना मला नीट ठाऊक आहे, ना ज्यांनी ते यंत्र केलं त्यांना.

मी डॉ. हेमकांत वणकुद्रे. गेली एकतीस वर्षं इचलकरंजीत पायाच्या शिरांवर उपचार करतो. वडील मागाच्या कारखान्यात जॉबर होते, माग बिघडला की पान्हा घेऊन खाली शिरणारे. आता २०४१ साली माग स्वतःच तुटलेला धागा जोडतात. पण त्यांच्यासमोर दहा-बारा तास उभं राहायला माणूस लागतोच, त्यामुळे मला पेशंटची कमी नाही. पायातलं रक्त वर चढावं म्हणून शिरांमध्ये बारीक झडपा असतात. सतत उभं राहून त्या ढिल्या पडल्या की रक्त खाली साचतं, शिरा फुगतात, घोट्याजवळची कातडी काळी पडते आणि एक दिवस तिथं अशी जखम होते, की जी वर्षानुवर्षं बरी व्हायचं नाव घेत नाही. उपचार तसा सोपा आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत शिरेत लेझरची बारीक तार सरकवायची, शिरेच्या कडेकडेनं भुलीचं गार पाणी टोचत जायचं, मग लेझर चालू करून तार हळूहळू मागं ओढायची. शीर आतून बंद होते आणि पेशंट तासाभरात आपल्या पायांनी घरी जातो.

मधे फक्त एक गोष्ट आहे. भुलीचं पाणी टोचून झालं की पाच मिनिटं थांबायचं. ते मुरू द्यायचं. नाहीतर शीर जळताना माणसाला कळतं. हे वाक्य मी तीस वर्षं शिकवत आलोय. फळ्यावर दोनदा अधोरेखित करून शिकवत आलोय.

आता 'गुरुहस्त' काय ते सांगतो. हा एक पातळ हातमोजा. त्यात केसाहून बारीक तारा विणलेल्या असतात. जाणता डॉक्टर तो घालून काम करतो, तेव्हा बोटांचा दाब, मनगटाचा कोन, कुठं गती घेतली, कुठं रेंगाळला, सगळं त्यात नोंदलं जातं. अनेक पेशंटांवरून त्या हाताचं एक सरासरी वळण तयार होतं. मग तसाच मोजा शिकाऊ डॉक्टरच्या हातात चढवतात. त्याचा हात वळणाबाहेर गेला, की त्या तारा विजेनं किंचित आखडतात आणि त्याला जागेवर आणतात. ढकलत नाहीत, नुसतं सुचवतात. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवताना वरून आईचा हात असतो ना, तेवढंच. चाळीस पेशंट झाले की सुचवणं आपोआप बंद होतं, कारण तोवर हात शिकलेला असतो. पूर्वी जे शिकायला पाच वर्षं लागायची ते दोन महिन्यांत व्हायला लागलं.

आणि शिरांसाठी हात निवडला तो माझा. काय सांगू, महिनाभर मी जमिनीवर नव्हतो. जेवताना बायको म्हणायची, "अहो, ताटाकडं बघा, हाताकडं काय बघताय?"

हे झालं पाच वर्षांपूर्वी. यंदा मार्चमध्ये आमच्याकडं डॉक्टरांची अकरावी तुकडी आली. सहा जण. त्यांत मालेगावची डॉ. निलोफर मोमीन होती. तिशीची, कमी बोलणारी, आणि प्रश्न विचारायचा झाला तर आधी "सर, एक विचारू?" असं विचारणारी. मला तिचा तो दुहेरी प्रश्न जरा डोक्यात जायचा.

प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता माझ्या हाती पेशंटना द्यायचं माहितीपत्रक पडलं. इतक्या वर्षांत मी ते कधी वाचलं नव्हतं. 'येताना आणायच्या वस्तू : आधारकार्ड, जुने रिपोर्ट, सैलसर कपडे, एक स्वच्छ फडके.'

"सिस्टर," मी आमच्या मंगसुळे सिस्टरांना हाक मारली, "हे फडकं कशाला? आपल्याकडचा कापूस संपला की काय?"

सिस्टर माझ्याबरोबर वीस वर्षं आहेत. एरवी फटकन उत्तर देतात. त्या दिवशी त्यांनी ट्रेमधल्या सुया उगाच पुन्हा मोजल्या.

"पेशंट आणतातच, सर. म्हणून लिहून टाकलं."

"पण कशाला?"

"असंच. सवय पडलीय बायकांना. गुरुहस्ताच्या सगळ्या सेंटरवरच्या पत्रकात आहे आता. भिवंडीवाल्यांनी तर मापसुद्धा छापलंय."

मी खो खो हसलो. "मापसुद्धा! वा!" म्हणालो आणि कप ठेवून आत गेलो. तो हसण्याचा आवाज आजही कानात आला की मला जागच्या जागी मरून जावंसं वाटतं.

आत टेबलावर शेवंताक्का चौगुले होत्या. वय पंचावन्न, कांड्या भरण्याच्या यंत्रावर तीस वर्षं उभ्या. डावा पाय मीच पाच वर्षांपूर्वी मोफत शिबिरात केला होता. आता उजव्याची पाळी होती आणि तो निलोफर करणार होती. मोजा घालून तिचे दोन पेशंट आदल्या दिवशी झाले होते. दोघेही पुरुष, दोघेही गप्प.

"साहेब, तुमी हाय न्हवं?" अक्कांनी मान वळवून विचारलं.

"मी हाय की. आणि या मॅडमच्या हातातबी माझाच हात हाय," मी ऐटीत म्हणालो.

"मग काय घोर न्हाई."

निलोफरनं छान काम केलं. तार सरकवली, भूल टोचत टोचत घोट्यापासून जांघेपर्यंत गेली. सुई बाहेर काढली. आणि अक्कांनी कनवटीला खोचलेलं फडकं काढलं, त्याची नीट चौपदरी घडी केली, ती दातांत धरली आणि डोळे मिटून दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली.

हे इतकं सहज झालं, की जणू ती उपचाराचीच एक पायरी होती.

निलोफर थबकली. "सर, एक विचारू?"

"विचार."

"पाच मिनिटं थांबायचं ना? पण मोजा पुढं ओढतोय. कालही ओढत होता. मला वाटलं माझंच काही चुकतंय."

बाकीचे पाच जण आमच्याकडं बघत होते. आणि मी, वणकुद्रे सर, सगळ्यांसमोर कधी न अडखळणारा माणूस, वैतागून म्हणालो, "अगं, हात काय म्हणतोय ते ऐक. दोनशे बारा केसेसची सवय आहे त्याला. तुझी दोनची. चल, सुरू कर."

तिनं सुरू केलं.

अक्का ओरडल्या नाहीत. त्यांच्या पायाचा अंगठा तेवढा ताठ झाला आणि मान कडक झाली. फडक्यातून एक बारीक आवाज आला, हुंदका म्हणावा की श्वास, कळू नये असा. तो आवाज मी ओळखला. हेच तर सांगायचंय. तो मला नवा नव्हता. शिबिरांमधून तो मी शेकडो वेळा ऐकलेला होता आणि ऐकूनही तो माझ्या कानांत कधी शिरला नव्हता.

निलोफरनं लेझर बंद केला. मला न विचारता. मग तिनं मोजा ओढून काढला आणि ट्रेमध्ये टाकला.

"सर, मी थांबते पाच मिनिटं. माझ्या हातानं करते."

"यंत्रात काहीतरी बिघाड दिसतोय," मी म्हणालो. "कळवतो मी त्यांना."

"बरं, सर."

ती एवढंच म्हणाली. पण ती माझ्याकडं न बघता म्हणाली, आणि मला कळलं की तिला कळलंय. सिस्टर भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यांना तर वीस वर्षांपासून कळलेलं होतं.

पाच मिनिटं किती मोठी असतात हो! घड्याळ समोर होतं. अक्कांनी फडकं काढलं, इकडंतिकडं बघितलं. "काय झालं? बंद पडलं व्हय?"

"नाही अक्का, भूल मुरायला वेळ देतोय," निलोफर म्हणाली. तिचा हात अक्कांच्या गुडघ्यावर होता.

"अस्सं. मागल्या खेपेला न्हवतं असलं काय." त्यांनी ते तक्रार म्हणून म्हटलं नाही. एखादी नवी सोय दिसावी तसं म्हटलं. मग माझ्याकडं वळल्या. "साहेबास्नी येळ कुठला? रांग केवढी असायची आमची. दारापासनं पार चौकापत्तोर."

मला गप्प बसायला हवं होतं. पण मी विचारलं, "अक्का, तेव्हा दुखलं होतं तर बोलला का नाहीत? वेदनेच्या फॉर्मवर तर शून्य लिहिलंय."

अक्का हसल्या. लहान मुलाला समजवावं तशा हसल्या. "आवो, फुकटात करनार तुमी. वर आमी बोंबललो तर मागच्या बाया पळून जातील, आनि पुढल्या वर्षी साहेब शिबिरच घेनार न्हाईत. म्हणून आमीच ठरवलेलं, फडकं न्यायाचं. नव्या बाईला आदीच सांगून ठेवायचं. तुमी वाईट वाटून घिऊ नका. हात लई चांगला हाय तुमचा. दोन वर्षांची जखम भरली की माजी."

मी खुर्चीवर बसलो.

पाच मिनिटांनी निलोफरनं तार पुन्हा हातात घेतली. तिचा हात माझ्यासारखा सफाईदार नाही, तार जरा घट्टच धरते. पण अक्का शेवटपर्यंत मालेगावात कापड काय भावानं जातं ते विचारत होत्या. फडकं पोटावर पडून होतं.

दुपारी मी यंत्राचा पडदा उघडला आणि निलोफरला शेजारी बसवलं. सिस्टरांनाही बोलावलं. खोटं एकदा बोलून झालं होतं, आता निदान त्या दोघींसमोर तरी ते निस्तरायला हवं होतं. मूळ नोंदी काढल्या. भूल टोचून झाल्यापासून लेझर सुरू होईपर्यंतचा सरासरी वेळ अकरा सेकंद. नोंदी दोनशे बारा. ठिकाण : शिबिर, शिबिर, शिबिर. एकही नोंद माझ्या दवाखान्यातली नाही.

का नाही, ते मला चांगलं आठवत होतं. दवाखान्यातल्या पेशंटनी मोजा आणि कॅमेरा बघून सह्या द्यायला नकार दिला होता. "आमच्यावर प्रयोग नको, डॉक्टर." शिबिरातल्या बायकांनी मात्र कागद पुढं करताच अंगठे उठवले. तेव्हा मीच म्हणालो होतो, "पाय तो पाय. कुठला का असेना."

पण हात मात्र एक नव्हता. दवाखान्यात मी पाच मिनिटं थांबायचो. गप्पा मारायचो, मुलगा अमेरिकेत काय करतो विचारायचो, गार वाटतंय का विचारायचो. शिबिरात दिवसाला चाळीस पाय असायचे. आधी पाचाची तीन मिनिटं झाली, तिनाचं एक, आणि कुणी ओरडेना म्हणून पुढं काहीच उरलं नाही. मी हे ठरवून केलं नव्हतं. ठरवून केलं असतं तर कधीतरी लाज वाटून थांबलो तरी असतो. तोंड पाच मिनिटं शिकवत राहिलं आणि हात अकरा सेकंद शिकवत राहिला. लेखी परीक्षेत चारशे सदतीस जणांनी पाच मिनिटं असंच लिहिलंय. एकाचंही चुकलेलं नाही.

"सर, मोजा अपडेट करता येईल," निलोफर हलकेच म्हणाली.

"मोजा येईल. हातांचं काय?"

ज्यांचे चाळीस पेशंट होऊन गेले त्यांना मोजा लागतच नाही. त्यांचा हात आता त्यांचा आहे, असं त्यांना वाटतं. यंत्र करणाऱ्यांना मी त्याच दिवशी फोन केला. तिथला माणूस फार सभ्य होता. म्हणाला, "मोजे आम्ही बदलून देऊ, डॉक्टरसाहेब. हात आमच्या करारात येत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाला, की शिरा बंद होण्याचं प्रमाण शंभरात अठ्ठ्याण्णव आहे, वेदनेचे सगळे फॉर्म शून्य आहेत, पुढच्या महिन्यात आणखी तीन राज्यांत जायचंय, तर हे आत्ताच बाहेर काढायलाच हवं का?

मोह झाला. खोटं कशाला बोलू? पुढच्या मोज्यात गुपचूप सुधारणा करायची, एक परिपत्रक काढायचं, 'प्रतीक्षेच्या वेळेकडे विशेष लक्ष द्यावे', झालं. माझं नाव तसंच राहिलं असतं. मी परिपत्रकाचा मजकूरसुद्धा मनात जुळवला होता. मग अक्कांचं ते 'तुमी वाईट वाटून घिऊ नका' आठवलं आणि स्वतःची अशी शिसारी आली, की मी फोनवरच "हो, आत्ताच काढायचंय," म्हणून ओरडलो. माझा हात तिथल्या तिथं बंद करा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सहाही जणांसमोर उभं राहून कॅमेऱ्यात बोललो. लिहून आणलं होतं, पण वाचता आलं नाही. जे झालं ते सांगितलं. माझ्या हातात एक खोड आहे, ती गरिबांच्या पायांवर लागलेली आहे, आणि ती मी तुम्हाला दिली आहे. पुढच्या पेशंटच्या वेळी घड्याळ लावून स्वतःचा हात तपासा. अकरा सेकंदांत उचलला गेला, तर तो तुमचा नाही. परत या. ते चारशे सदतीस जणांना पाठवलं.

उत्तरं आली. काहींनी शिव्या दिल्या, त्या मी पूर्ण वाचल्या. भिवंडीच्या एकानं लिहिलं, 'सर, घड्याळ लावलं. नऊ सेकंद. मी रडलो.' आणि बऱ्याच जणांनी लिहिलं, 'सर, आपण उगाच मनाला लावून घेताय. आमच्या पेशंटची काहीच तक्रार नाही. फॉर्मवर शून्य आहे.' ते वाचताना मला आरशात बघितल्यासारखं व्हायचं.

सिस्टरांनी विचारलं, "पत्रकातली ती फडक्याची ओळ काढून टाकू, सर?"

मी हो म्हणणार होतो. निलोफर म्हणाली, "सर, एक विचारू? ठेवली तर?"

तिघांनी बसून त्या ओळीखाली दुसरी ओळ लिहिली. आता सगळ्या सेंटरवर ती मोठ्या अक्षरांत आहे. 'फडके तोंडात धरू नये. दुखले तर ते हातात घेऊन वर करावे. डॉक्टर थांबतील.' खाली माझी सही आहे.

सहा महिने गेले. गुरुहस्तात आता निलोफरचा हात आहे. मालेगावात तिनं साठ पेशंट केले, प्रत्येकाला पुरती पाच मिनिटं. जुन्यांपैकी शंभरावर डॉक्टर परत शिकायला आले. पहिलं नाव नोंदवलं ते मी. एकसष्टाव्या वर्षी विद्यार्थी. मला वाटलं होतं, एकदा कळलं की हात आपोआप थांबेल. छे! पहिल्या दिवशी चाळिसाव्या सेकंदाला माझं मनगट उचललं गेलं, आणि मोज्यानं ते धरून खाली आणलं. पुन्हा उचललं, पुन्हा खाली आणलं. त्या लेकीचा हात फार चिकट आहे.

गेल्या मंगळवारी माझा अडतिसावा पेशंट होता. शेवंताक्कांची धाकटी जाऊ, आंबूबाई. अक्का स्वतः तिला घेऊन आल्या होत्या आणि उशाशी उभ्या होत्या. आंबूबाईच्या उजव्या मुठीत फडकं होतं. मी भूल टोचली. थांबलो. पाच मिनिटांत मोजा एकदाही आखडला नाही. मनातल्या मनात मी खूश झालो. लेझर सुरू केला, तार दोन बोटं मागं घेतली असेल नसेल, तोच आंबूबाईचा हात वर गेला. फडक्यासकट.

मी लेझर बंद केला. "काय झालं बाई? जळलं? दुखलं का?"

आंबूबाईनं आधी जावेकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"न्हाई वो. गारच लागतंया."

"मग?"

"खरंच थांबताय का, बघितलं."

अक्कांनी पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की काय कोण जाणे. मला हसता आलं नाही. रागही आला नाही. एकतीस वर्षांत तिच्या आधी ज्या ज्या बायका शिबिरातल्या टेबलावर झोपल्या, त्यांनी हे बघायला हवं होतं आणि त्यांना हात वर करायची सोय नव्हती. मी तार तशीच धरून उभा राहिलो. तिनं हात खाली घेतला नव्हता. मीही तिला घे म्हणालो नाही. तिला वाटेल तेव्हा तिनं तो खाली घेतला, आणि मग मी पुढचं काम केलं.